अर्धा मिलिमीटर

प्रिय ताई,

तुझ्या तिन्ही फोनवर मी ‘छान झालं’ एवढंच म्हणालो, ते साफ खोटं होतं. प्रदर्शन झालं, माझी कंबर गेली आणि बाबा गेले चार दिवस माझ्याशी सोडच, काम करताना स्वतःशी बोलतात तसंही बोललेले नाहीत. मुळात कामच करत नाहीत. सगळं नीट लिहितो, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा राग वाया जातो.

शुक्रवारी ऑफिसातून रजा काढून मी बाबांची छोटी रेल्वे, म्हणजे रूळ बसवलेल्या त्या सहाच्या सहा फळ्या, तीन मजले खाली उतरवल्या. बाबा पुढे चालत होते आणि दर पायरीला ‘तिरकं नको, तिरकं नको’ म्हणत होते. जिना तिरका आहे, त्याला मी काय करू? हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण वजन असतं, आणि ते दरवर्षी माझ्याच खांद्यावर येतं.

शाळेच्या त्या व्यायामशाळेत दोन दिवस मी जे पाहिलं ते देव वैऱ्यालाही न दाखवो. साठ-सत्तर शहाणीसुरती माणसं भिंगं घेऊन टेबलांवर ओणवी झालेली. मी चुकून ‘खेळण्यातली रेल्वे’ म्हणालो तर चार माना एकदम वळल्या. एकानं बाबांच्या पाण्याच्या टाकीवरचे रिव्हेट मोजून एक ओळ कमी आहे असं सांगितलं, आणि बाबांनी त्याचे आभार मानून ते वहीत लिहून घेतलं. मी घरी ‘पंखा बंद करू का’ विचारलं तरी घर डोक्यावर घेणारे हेच गृहस्थ! खरीखुरी मालगाडी जेवढ्या हळू डबे जोडते तेवढ्याच हळू ही टेबलावरचीही चालली पाहिजे, म्हणून मुलं जांभया देत होती आणि त्यांचे बाप हलायला तयार नव्हते.

आता नवं इंजिन. दोन वर्षं खपून केलेलं, आठही चाकं घरच्या लेथवर कातलेली. तू दोन वर्षांत आली नाहीस म्हणून सांगतो, बाबांचा उजवा हात आता कापतो. आणि हे इंजिन शनिवारी डावीकडच्या वळणावर अकरा वेळा घसरलं. तेच वळण, जे तू कॉलेजच्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसून घातलं होतंस. दर वेळी आठ चाकं रुळांवर बसवायची, तीही त्या हातानं, गर्दीसमोर. सातव्या खेपेला माझ्या मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, चल पुढे, आजोबांना वेळ लागेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला, बाबा हात धुवायला गेले, आणि मी त्यांचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. चाकांना वळायला जागा मिळावी म्हणून वळणाचा बाहेरचा रूळ सोडवून अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवला आणि पुन्हा डाग दिला. लहानपणापासून घरात तोच वास घेतोय, एवढं मलाही येतं. रविवारी इंजिन एकदाही घसरलं नाही. बाबा भेटेल त्याला सांगत होते की फळ्या हॉलच्या हवेला सरावल्या. मला त्यांनी स्वतःहून चहा आणून दिला. ताई, त्या चहाची चव मला काही केल्या आठवत नाही.

एक गोष्ट मी विसरलो होतो. बाबांच्या या हौशी रेल्वे मंडळात रविवारी दुपारी मोजणी असते. मंडळाचे मोजणीवाले काका हातात पितळी गेज घेऊन प्रत्येक रेल्वेचे रूळ तपासतात. गेज दोन रुळांत अलगद बसलं पाहिजे, अडकता कामा नये आणि खडखडताही कामा नये. आपल्या वळणावर ते खडखडलं. काकांनी तीनदा लावलं. तीस वर्षांची मैत्री, बोलणार काय? त्यांनी गेज गुपचूप बाबांच्या हातात दिलं. बाबांनी स्वतः लावून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वळण माझं आहे. माझा हात आता मापात राहिला नाही.” मी दोन हात अंतरावर उभा होतो. कोणी काही म्हणायच्या आत बाबांनीच रेल्वेवर चादर घातली.

उन्हाळ्यात त्या वळणाचे डाग त्यांनी स्वतः नव्यानं दिले होते, त्यामुळे चूक तेव्हाचीच अशी त्यांची खात्री झाली आहे. माझा डाग इतका नीट बसला की तो त्यांना आपलाच वाटला. घरी आल्यावर त्यांनी इंजिन डब्यात घालून डब्याला दोरी बांधली, आणि फळ्या, लेथ, हत्यारं सगळं मंडळाला देऊन टाकायचं ठरवलं. परवा शनिवारी टेम्पो येतोय. आणि मला बजावलं की ताईला यातलं काही कळवू नकोस, तिला उगाच वाटेल तिचंच काम कच्चं होतं.

मला संताप आला आहे. नखाएवढ्याही नसलेल्या मापावर माणूस मोजणाऱ्या त्या मंडळाचा, भिंगवाल्यांचा, लांब बसून ‘मज्जा आली का’ विचारणाऱ्या तुझासुद्धा. पण ही सगळी उसनी गिऱ्हाइकं, खरा राग माझा माझ्यावरच आहे. चार दिवस जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बसतो आणि आमटी वाढू का, यापलीकडे माझं तोंड उघडत नाही.

तोंडी सांगायला गेलो तर मी भांडेन. आवाज चढवेन, अर्ध्या मिलिमीटरवर व्याख्यान देईन आणि माफी मागायची तेवढी राहून जाईल. म्हणून हे पत्र. तुला जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली बाबा दोन ओळी लिहितात, आणि त्याआधी वरचं सगळं चष्मा लावून वाचतात, माझ्या वेलांट्या सुधारत. आता ते दुपारच्या झोपेतून उठले की हे त्यांच्यापुढे ठेवणार आहे. बाबा, इथपर्यंत आला असाल तर ऐका. हात तुमचा नव्हता, माझा होता. तुमच्याकडे लोक बघत होते ते मला बघवलं नाही, आणि तुम्हाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. टेम्पोला नाही म्हणा. तो रूळ होता तिथे बसवायला मला शिकवा, मग इंजिन शंभरदा घसरलं तरी मी शेजारी उभा राहीन. ताई, खाली नेहमीएवढी जागा सोडली आहे.

तुझाच,
धाकटा