तुझ्या शब्दावर आलेली नऊ घरं

अमरावती
गुरुवार, १३ ऑगस्ट

चि. सौ. सुभद्रास,

ताईचा आशीर्वाद. आज श्रावण लागला. सकाळीच अंबादेवीला जाऊन आले. उपास आहे, त्यामुळे चुलीपाशी काम नाही. पत्र पाहून म्हणशील, रोज फोन होते तं ताईले पत्र कावून सुचलं? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तू थांबलीस की मीच पाऊसपाण्याचं काढते.

कागद कंपनीचा आहे. मागची बाजू कोरी होती, वाया कशाला घालवायची? उलटून पाहिलंस तर ओळखशील. 'आपल्या ओळखीची तीन नावं लिहा' आणि खाली तीन ओळी. असे तीन कागद घेतले आहेत.

इकडे ठीक आहे. प्रणालीला सातवा लागला. पाय सुजतात, पण सूनबाई ऐकत नाही, दिवसभर लॅबमध्ये बसते. अंकुर वाळला आहे. जेवताना बोलत नाही.

अंकुरनं लॅबची फ्रँचायझी घेतली तेव्हा कंपनीचा माणूस घरी आला होता. म्हणाला, जाहिरातीत पैसा घालू नका, काकू, गिऱ्हाईकच गिऱ्हाईक आणते. मला ते फार पटलं. फुकटात होणारी गोष्ट मला नेहमीच पटते. त्या दिवसापासून वही घातली. एका माणसाचं नाव, आणि त्याच्या शब्दावर जे आले त्यांची नावं त्याच्या खाली. इथं अमरावतीत कोणाच्या खाली चार, कोणाच्या सहा. तुझ्या नावाखाली एकसष्ट आहेत, सुभद्रे. अकोल्यात माझ्या पोराला कुत्रं ओळखत नव्हतं. तू घरोघरी सांगत गेलीस, 'माया बहिणीचा पोरगा हाये, घरी येऊन रक्त घेते, डोळे मिटून द्या.'

सोमवारी दवाखान्यातून तुझा फोन आला. 'ताई, लिहून घे. नसीमबानो. बाजूच्या खाटेवाल्याची बायको. म्या सांगतलं तिले, घरचीच लॅब हाये, खोटं काई निघत नाई.' मी बरं म्हटलं. नाव लिहिलं नाही.

आता कोणाचं नाव देऊ नको. हेच सांगायला पत्र लिहिते आहे. पण एवढंच लिहून बंद केलं तर तू फोन करशील, कावून म्हणून विचारशील, आणि मी पुन्हा काहीतरी खोटं सांगेन.

मे महिन्यात अंकुर पहिल्यांदा अकोल्याला आला होता, आठवतं? तुझ्या शब्दावरची नऊ घरं होती, पहिलं तुझंच. रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवून इथल्या मशीनपर्यंत आणाव्या लागतात. बर्फाच्या थैल्या कंपनीकडून विकत घ्यायच्या असतात. मी म्हटलं, पाण्याचेही पैसे द्यायचे का? दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, पाणी भरून, दोऱ्यानं बांधून मी फ्रीजमध्ये लावल्या. त्या रात्री लाइन गेली. सकाळी अंकुरनं पिशव्या दाबून पाहिल्या. म्हणाला, 'आई, बर्फ कच्चा हाये. उद्या जातो.' मी म्हटलं, 'मावशीनं नऊ घरं उपाशी बसवून ठेवली, अन् तू उद्या जातं म्हणतं? जाय, चालते.'

येताना मूर्तिजापूरजवळ बस बंद पडली. तो घरी आला तेव्हा साडेचार वाजले होते. डबा उघडला तर पिशव्यांतलं पाणी कोमट झालेलं. अंकुर खालीच बसला. म्हणाला, 'हे रक्त गेलं, आई. असं गरमीत राह्यलं की त्यातली साखर उतरते. उद्या पुन्हा घ्या लागते.'

मीच नाही म्हटलं. हे नीट वाच, सुभद्रे, अंकुर नाही, मी. मला वहीतलं ते पान दिसत होतं. पहिल्याच खेपेला नऊ घरांत पुन्हा सुई टोचली तर लोक तुलाच बोलतील, तुझा शब्द जाईल, आणि मग तुझ्या खाली एकही नाव येणार नाही. म्हटलं, 'देऊन टाक रिपोर्ट.' त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी कापूर लावत होते, मान वर केली नाही.

कुंदनरावांची साखर नॉर्मल निघाली. तू पेढे वाटलेस. त्यांनी गोळ्या सोडल्या ते मला तूच कौतुकानं सांगितलंस.

मग अधिक महिन्यात धोंड्याला तुम्ही दोघं आलात. आईबाबा नाहीत, म्हणून जावयाचा मान मीच करते. तेहतीस अनारसे घरीच केले होते. कुंदनराव म्हणाले, 'आज तेहतीसच्या तेहतीस खातो, आक्का, तुमच्या पोराच्या मशीननंच परवानगी देल्ली मले!' सगळे हसले, मीही हसले. अंकुर पाणी आणायला म्हणून आत गेला तो आलाच नाही. जेवणाआधी मी ताम्हणात त्यांचे पाय धुतले होते. उजव्या अंगठ्याला फोड होता, चपलेचा. कडेनं काळं पडलं होतं. बोटाला लागलं मला. तेव्हा बोलले असते तर अंगठ्यावरच निभावलं असतं. मी पाय पुसले, कुंकू लावलं आणि अनारसे वाढले.

गुडघ्याखालून पाय काढला तेव्हा तू म्हणालीस, 'नशीब, ताई, दुसरं काय.' तसं म्हणू नको.

देवीला मी हे तीनदा सांगितलं. तिथं कोणी परत बोलत नाही, म्हणून सोपं जाते.

बाकीच्या आठ घरांना मी फोन करायला घेतला होता. दोन ठिकाणी आवाज आला की ठेवून दिला. पुंजाजींकडे सुनेनं उचलला. ते आषाढात गेले. कशानं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. नऊही नावं कागदांच्या पुढच्या बाजूला लिहिली आहेत, पहिलं कुंदनरावांचं. उरलेल्या सात घरी तू जा. दुसऱ्या लॅबमध्ये तपासा म्हण, आमच्याकडे नको. माझ्या सांगण्यावरून कोणी जाणार नाही. तुझ्या सांगण्यावरून जातील.

तू गेलीस की लॅब उरणार नाही, हे मला कळते. एकसष्टही जातील. अंकुरला हे पत्र माहीत नाही. प्रणालीला तर त्या दिवसाचंच काही माहीत नाही. नाही गेलीस तर त्या सात जणांचं काय होईल, ते मला लिहवत नाही. दोन्हीकडे मीच आहे.

राखी जवळ आली. दरवर्षी दादाकडे जाताना तू इथं उतरतेस. ह्या वर्षी वाट पाहणार नाही. तू क्षमा करशील म्हणून हे लिहिलं असं समजू नको.

पत्राच्या शेवटी 'जावईबापूंच्या पाया पडते' असं लिहायची आपल्या घरची रीत. आईनं शिकवलेली, आजवर कधी चुकली नाही. आज तेवढी ओळ सोडते आहे.

शकुन