अबोली

कसाल,
ता. १४ नोव्हेंबर १९८४

ती. विमलवन्सं यांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. इकडे माहेरी सर्व ठीक. बाळ दूध नीट पितं. बाबांची भाताची झोडणी आटोपली. भावोजींचा गुडघा आता बरा असेल.

रविवारी बारशाला येते, आत्येचा मान आहे, नाव मीच कानात सांगणार, असं तुम्ही लिहिलंत. येऊ नका. बारसं कालच उरकलं.

माझ्या लग्नात यांनी माझं नवं नाव लिहायला तांदळाच्या ताटात अंगठी धरली, तेव्हा मागून तुम्ही म्हणालात, "ह्याचा नाव अबोली ठेव रे. ह्या भारी बोलता." सगळी हसली. मीही हसले. फूल मला आवडायचं.

पुढे चतुर्थीला केसांत माळायचे फुलांचे वळेसर ओवताना मी सहज विचारलं, अबोलीला अबोली का म्हणतात? तुम्ही दोरा दातांनी तोडत म्हणालात, "वास नाय म्हणान. वास म्हणजे फुलाचा बोलणा. वास नाय, तर कोणाक तरास नाय." माझ्याकडे बघून म्हणालात.

मग मी खरंच कमी बोलू लागले. घरात सगळ्यांना बरं वाटलं.

माझ्या पहिल्या लेकीचा, सीतेचा विषय मी कधी काढला नाही. आज काढते. आठ महिन्यांची होती, तापाचा तिसरा दिवस. मी तिला दुपट्यात गुंडाळून उंबऱ्यात उभी होते, डॉक्टरकडे, कट्टा गावाला नेणारी चारची एसटी यायची होती. तुम्ही आत खोबरं किसत होतात. "दात येतत. ताप येतलोच. डॉक्टर कित्याक?" मी मागे फिरले. गाडी गेल्याचा आवाज ऐकला. पहाटे पोर गेली.

दोष एकट्या तुमचा म्हणाले असते तर सोपं होतं. तुम्ही माझा हात धरला नव्हता. तुम्ही दिलेल्या नावाला मी जागले. हे लिहायला मला तीन वर्षं लागली. पण तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही.

काल आये म्हणाली, "आवशीन नाव सांगूचा नसता गो." मी तरी सांगितलं. पाळण्यात वाकून, हळू, तिच्या एकटीच्या कानात. पाळण्याची दोरी धरलेल्या यांनाही तेव्हाच कळलं.

काय ठेवलं, ते तुम्हाला कळवणार नाही. इतकं गप्प राहायला तुम्हीच शिकवलंत.

तुमची भावजय,
रुक्मिणी
(हे माझं आईबापांनी ठेवलेलं नाव. तुम्ही विसरला असाल.)