पालक म्हणून माझं नाव

रांझी, जबलपूर

प्रिय प्रणोती,

फोन सोडून आईला पत्राचं खूळ काहून सुचलं, असं म्हणशील. फोनवर बोलताना बाबा समोर बसून असतात, म्हणून लिहून राहिले. नागपूरच्या हॉस्टेलचं जेवण तुला जात नाही म्हणे. जाऊ दे गं बाई चार घास, नखरे नको करू. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं.

तू आठवीत असताना बाबांनी तुला स्वयंपाकघरात उभं करून रोज लागणाऱ्या वस्तू विचारल्या होत्या, आठवतं? साबण, चहा, कुकर. ज्या वस्तूवाचून घर अडतं, तिच्या कंपनीचा शेअर घ्यायचा. त्याआधी ती कमावते किती, तिच्यावर कर्ज किती ते बघायचं. थोडा थोडा घ्यायचा आणि वर्षानुवर्षं ठेवायचा. उसन्या पैशाने कधी नाही, आणि मैत्रीण म्हणाली म्हणून तर मुळीच नाही. हे सगळं त्यांचंच शिकवणं. तू लहान, म्हणून तुझ्या शेअरच्या खात्याला पालक लागत होता. सरकारी फॅक्टरीत शेअरचं वर कळवावं लागतं, ती कटकट त्यांना नको होती, म्हणून माझं नाव टाकलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाऊबीजेचे, वाढदिवसाचे सगळे पैसे तू त्यात घालायचीस, आणि कुकरची कंपनी वर गेली की घरभर शिट्टी वाजवत फिरायचीस. किती हसायचो गं आपण!

तुझी दहावी झाली आणि बाबांना ऑप्शनचा नाद लागला. त्यात कंपनी ठेवायची नसते, भाव चढेल की पडेल याची नुसती पैज. पहिल्याच आठवड्यात जिंकले, तिथेच घात झाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले. आता बाजार उघडला की कामावरही फोन घेऊन कोपऱ्यात बसतात, दोनदा मेमो मिळाला. पीएफमधून पैसे काढले, स्कूटर विकली, माझ्या पाटल्या गेल्या. तुला सांगितलं होतं ना, पाटल्या सोनाराकडे झाळायला दिल्यात? नव्हत्या दिल्या.

तुझं खातं मात्र शाबूत आहे. त्यातलं काही विकायचं तर ओटीपी माझ्या फोनवर येतो, आणि दीड वर्ष मी तो दिलेला नाही. फोन कमरेला खोचून झोपते. ते रडले, पाया पडले, ताटं फेकली, एकदा हातही उचलला. मला त्यांचा संताप येतो आणि दयाही येते. दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासत बसते.

चोवीस तारखेला तू अठराची होशील. बाबांनी तुझं तिकीट काढलंय, केक सांगितलाय. त्या दिवसापासून खात्यावर माझं नाव चालणार नाही. सही तुझी, ओटीपी तुझा, माझ्या नाही म्हणण्याला काही अर्थ उरणार नाही. भरायचे कागद त्यांनी आणून ठेवलेत. म्हणून लिहिते, वाढदिवसाला घरी येऊ नको. ते फोनवर रडतील. ग्वारीघाटला नर्मदेवर जाईन आणि परत येणार नाही, असंही म्हणतील. मला म्हणाले आहेत. मला फार भीती वाटते, पोरी. श्रीरंगकाकांना सगळं सांगितलंय, ते रोज आपल्याकडेच झोपतात, आणि मंगळवारी आम्ही दोघं बाबांना डॉक्टरांकडे नेतोय. त्यांना सांभाळणं आमचं काम, तुझं नाही. तुझं काम एवढंच की आठवीत जे शिकलीस ते मोडायचं नाही, शिकवणाऱ्याने हात जोडले तरी.

चोवीसपर्यंत पालक, पुढेही तुझीच,
आई