म्हैससुद्धा गोरी आली

वडगाव रासाई,
शनिवार, ता. ७ फेब्रुवारी १९५९

ति. सोपानराव दाजी यांस, मल्हारीचा सा. नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी असावी. (रोजनिशी मात्र रोज लिहिली, ती उलट उत्तर देत नाही.) मनमाडच्या क्वार्टरात थंडी बाधत नसावी, खोकला उतरला असावा. शाळा सुटल्यावर आज दौंडहून इकडे आलो. तुमच्या घरी सगळे खुशाल आहेत. आक्का माझ्याशी बोलत नाही, एवढंच. मला सांगायचं ते ती म्हशीला सांगते.

आक्कानं कळवल्यावर तुम्ही लिहिलेलं पत्र पोचलं. 'पोरीचा गोरा फोटो तयार असता काळा पाठवायचा हट्ट धरणारा मामा आम्ही ऐकला नव्हता,' असं तुम्ही लिहिता, आणि पांढरा फोटो तातडीनं कवठे येमाईला मुलाकडे धाडायला सांगता. दाजी, धाडणार नाही. आधी कारण ऐका, मग रागवा.

कॅमेरा मी नोकरी सोडून निघालेल्या एका गार्डसाहेबाकडून घेतला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात उजेड आवरायच्या दोन सोयी असतात. भिंगाशी असलेलं भोक लहानमोठं करता येतं, आणि पडदा किती वेळ उघडा राहावा हेही ठरवता येतं. नळाखाली हंडा भरतो तसंच: तोटी मोठी सोडली तर लवकर बंद करायची, बारीक सोडली तर थांबायचं. फिल्मला उजेड मापात लागतो. कमी पडला तर फोटो काळवंडतो, सांडला तर पांढराफटक होतो. हे सगळं मला पाठ होतं. (पाठ असणं आणि वेळेवर आठवणं यांतलं अंतर मी वर्गात मुलांना नेहमी समजावतो.)

संक्रांतीला इथं आलो तेव्हा आपल्या म्हाळसाला ओसरीत सावलीला बसवलं. सावलीच्या हिशेबानं भोक मोठं केलं, पडद्याचा वेग कमी केला. तेवढ्यात आक्का म्हणाली, "आरं, नवी म्हस दिसू दी की फोटूत! खातंपितं घर हाय, त्यास्नी कळाया नगं?" म्हणून पोरीला भर दुपारच्या उन्हात अंगणात म्हशीशेजारी नेऊन उभं केलं. म्हैस मान हलवते का, याकडे मी इतकं लक्ष दिलं की कॅमेरा ओसरीच्याच मापावर राहिला.

दौंडला इनुसभाईच्या स्टुडिओत रोल धुतला. निगेटिव्ह काळीकुट्ट. (या धंद्यात निगेटिव्ह जितकी काळी तितका फोटो गोरा.) म्हाळसा पिठाच्या डब्यात पडल्यासारखी आली होती: नाक नाही, हनुवटी नाही, नुसते दोन डोळे आणि कुंकू. मी शरमेनं फोटो खिशात घालू लागलो, तर इनुसभाई म्हणाला, "मास्तर, असा फोटू निघावा म्हून लोक माझ्या हातापाया पडत्यात, आन् तुम्ही रडताय व्हय?" आक्कानं तर फोटोची दृष्ट काढली. सगळी आळी बघून गेली. त्याच फोटोत तुमची म्हैस पांढरीशुभ्र गाय होऊन उभी आहे, पण तिच्याविषयी एकालाही शंका आली नाही! दाजी, फोटो खरा धरायचा तर डेअरीत दूधही गाईचं म्हणून घाला.

फक्त म्हाळसानं फोटो निरखून विचारलं, "मामा, ही कोन?" आणि जरा वेळानं, "त्यास्नी हीच पसंत पडली, तर मी कुठं जाऊ?"

मंडळी पाहायला येतील, पोर पोह्यांच्या बशा घेऊन समोर येईल, आणि ते फोटोतल्या मुलीची वाट बघत दाराकडे पाहत राहतील. ती नजर कुणी सोसायची? तुम्ही तर मनमाडला असाल.

म्हणून दुसरा रोल घातला. कडुनिंबाची सावली, भोक आणि वेग पुन्हापुन्हा तपासलेले. फोटो उत्तम आला. पोर सावळी आहे. हनुवटीवर गोठ्यात पडल्याची खूण आहे. आणि हसू दाबताना वर चढलेली एक भुवई थेट तुमची आहे. "शिकलेल्या भावानं नाट लावला गं," असं आक्कानं म्हशीला सांगितलं. मी स्वतःला विचारलं, हा खरेपणाचा आग्रह की पहिला फोटो बिघडल्याची चीड? विचाराअंती दोन्ही निघालं. पण चीड माझी असली तरी रंग तिचाच आहे, आणि तो मी खोडणार नाही. मेहुणेपणातून माझं नाव कमी केलंत तरी बेहत्तर.

तुमचा,
मल्हारी

ता. क. — खरा फोटो बुधवारच्या टपालानं कवठे येमाईला गेलासुद्धा. वर 'धाडणार नाही' लिहिलं ते पांढऱ्याबद्दल.

ता. क. दुसरा — आज दुपारी मुलाचा फोटो आला. आक्का "राजबिंडा!" म्हणाली. दाजी, टोपी कुठं संपते आणि कपाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही, आणि नाकाच्या जागी दोन टिंबं आहेत. म्हाळसा म्हणाली, "मामा, ह्याला नाक हाय का न्हाई, तेवढं बघून या." मी कॅमेऱ्यात रोल भरला आहे. त्यांना कळवलेलं नाही. एवढं लांबण लावलं ते या एका विनंतीसाठी: त्यांची तक्रार आलीच, तर 'मल्हारीला मीच धाडला होता' असं उलट टपाली लिहा.

रोजनिशीत आजच्या पानावर लिहून ठेवलंय, उद्याचं काम: कवठे येमाईला जाऊन मुलाला सावलीत उभं करणे.