रोलरवरचे एकशे एकाहत्तर घोडे

३ मार्च, रविवार
जुन्या धावपट्टीवरच्या हौशी शर्यतीत गाडी पळवली. चारशे मीटर, सरळ. १७.६ सेकंद. शेजारच्या पट्ट्यातली टपावर कॅरिअर लावलेली फॅमिली कार जिंकली.

परतताना नवरा म्हणाला, गाडीत काही खोट नाही, तूच भाजी आणायला निघाल्यासारखी चालवतेस. सव्वीस वर्षं हा माणूस शेजारच्या सीटवर तोंड मिटून बसला होता. आज सुटला. म्हटलं, जूनमध्ये हंगाम संपायच्या आत पंधराच्या खाली आणून दाखवते. म्हणाला, नाही आणलीस तर स्टिअरिंग माझं, कायमचं. म्हटलं, खुशाल! कॉलेजात फिजिक्स कोण शिकवतं?

ठराव: आधी प्रयोगशाळा, मग मैदान.

६ मार्च
डायनोवर गेले. पुढची चाकं रोलरवर, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडलेली, समोर माणसाएवढा पंखा. गाडी जागच्या जागी पळते आणि पडद्यावर ताकदीचा आलेख येतो. वारा नाही, प्रेक्षक नाहीत, नवरा नाही. १३१ हॉर्सपॉवर. गाडीची ताकद वाढवून देणारा ट्यूनर मितभाषी आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, मॅडम, गिअर कितीला बदलता? म्हटलं, वेळेवर.

२० मार्च
नवा एअर फिल्टर, नवा एक्झॉस्ट, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये इंधनाचा नवा मॅप. १५८! आलेख फ्रिजवर लावला. नवऱ्याने विचारलं, आता फ्रिजही लवकर गार होतो का.

७ एप्रिल, रविवार
१७.७.

समोरून वारा होता. वेळ नोंदवणारे गृहस्थ म्हणाले, बाई, वारा सगळ्यांनाच होता. त्यांचं शिक्षण किती झालं आहे ते विचारायचं राहिलं.

९ एप्रिल
कारणं काढली. वारा, ऊन, डांबर, पेट्रोल, स्टेपनी, मागची सीट, नवऱ्याची नजर. यातल्या दोन गोष्टी काढण्यासारख्या होत्या, त्या काढल्या. संध्याकाळी लेकीला स्टेशनवरून आणायला गेलो. पुढे तिचे बाबा बसलेले. मागे डोकावून म्हणाली, आई, मी बसू कशावर? म्हटलं, सध्या प्रयोग चालू आहे. ती रिक्षाने आली. आमच्या आधी पोचली, पण तिचा रस्ता वेगळा होता.

२४ एप्रिल
मॅप पुन्हा सुधारून घेतला. १६६. ट्यूनरला मिठाई द्यावी म्हणून थांबले, तर तो आलेखासमोर उभा राहून डोकं खाजवत होता. पुन्हा तेच, गिअर कितीला बदलता. या वेळी सांगितलं: तीन हजार आरपीएमला. तीस वर्षांत एकाही इंजिनाचा छळ केलेला नाही. त्याने आलेखावर तीन हजारावर बोट ठेवलं, मग ते सरकवत सरकवत सहा हजारापर्यंत नेलं आणि म्हणाला, मॅडम, आपण वाढवलं ते सगळं इकडे आहे. तुम्ही तिथवर येतच नाही. गाडी जेवायला वाढते आणि तुम्ही हात धुऊन उठता.

मिठाई दिली नाही. हाताला कसब आहे त्याच्या, पण समजावून सांगायची हातोटी नाही.

२५ एप्रिल
तरी ठराव: सहा हजारापर्यंत जायचं. साधी गोष्ट आहे. काटा दिसतो, पाय आपलाच.

५ मे, रविवार
१७.४. प्रगती!

सुटताना टायर किंचाळले, तेव्हा ॲक्सिलरेटर सोडला. टायर किंचाळतात म्हणजे त्यांचं काहीतरी म्हणणं असतं. पुढे चार हजाराला पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्या फेरीतही तेच. पॅडलची स्प्रिंग तपासून घ्यायला हवी.

एप्रिलची फेरी वाऱ्याची म्हणून वगळून नवऱ्याने पेपरच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला: दोन महिन्यांत दोन दशांश, तर पंधराच्या खाली यायला आणखी दोन वर्षं. त्याला सांगितलं, दोन बिंदूंवरून सरळ रेषा ओढणं अशास्त्रीय आहे. म्हणाला, मग तिसरा बिंदू कधी देतेस?

८ मे
स्प्रिंग उत्तम आहे.

१२ मे
गाडी बंद ठेवून दारातच सराव. तोंडाने आरपीएम म्हणायचे: चार, पाच, सहा, गिअर! शेजारीण विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. नवऱ्याने तिला सांगितलं, हो, ती पळते आहे.

१८ मे
महत्त्वाचा दिवस. ट्यूनरला बाजूला केलं आणि डायनोवर गाडी स्वतः चालवली. चार हजार, पाच, सहा, सहा हजार दोनशे! पाय हलला नाही. छत हादरत होतं, मी नाही. १७१. आजवरचा सर्वांत मोठा आकडा आणि तो माझ्या पायाचा. म्हणजे भीतीबिती काही नव्हती, हे सिद्ध झालं. उतरताना ट्यूनरला तसं म्हटलं. तो पट्टे सोडत होता. मान वर न करता म्हणाला, गाडी बांधलेली होती, मॅडम.

यावर विचार करायची गरज वाटत नाही.

१ जून
आकड्यांनुसार उद्या, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, १४.८. वाऱ्याला दोन दशांश धरले तरी पंधरा. पाठीमागून जोर देणारा वाराही असू शकतो. शांत झोपणार आहे.

२ जून, रविवार
झोप नाही. १७.३. १७.५. १७.३.

नवरा म्हणाला, एकदा मला देतेस का, फक्त बघायला. चपला काढून बसला. मी कठड्यापाशी उभी राहिले आणि मोकळ्या सुटलेल्या आपल्याच गाडीचा आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला. असा आवाज तिने माझ्यासमोर रोलरवरसुद्धा कधी काढला नव्हता. १४.९. वेळ नोंदवणारे गृहस्थ टाळ्या वाजवत होते. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तो घाबरलेला वाटला. म्हणाला, अगं, ही फारच सुंदर पळते. तुला माहीत होतं?

माझ्या तीन फेऱ्यांमुळे इंजिन त्याला तापलेलं मिळालं, असं सांगणार होते. मग आठवलं की तापलेल्या इंजिनाची ताकद कमी होते. वर्गात मीच शिकवते.

किल्ली त्याच्याकडे दिली. त्याने नको नको केलं. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द.

३ जून
सकाळी कॉलेजला त्याने सोडलं. मी शेजारच्या सीटवर. भाजीवाल्यांच्या गल्लीत तो तीन हजाराला गिअर बदलत होता, अगदी माझ्यासारखा. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने थोडी ओढली. काटा चारच्या पुढे गेला, पाचच्या पुढे गेला. मी समोर बघत होते. माझ्या पायाकडे बघून त्याने विचारलं, ब्रेक दाबतेस का गं?

म्हटलं, छे, ॲक्सिलरेटर.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहिते. ब्रेक.