हवेच्या नळीची विल्हेवाट

मंगळवार, १२ मार्च २०१९, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. अंथरुणाची घडी घालून खिडकीजवळ वही घेऊन बसलो आहे. घडी घालताना दोनदा थांबावे लागले.

मी, खाली सही करणारा, वय एकोणतीस, फरशी कारखान्यात दगड घासणारा कामगार, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती छाती. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शुद्धलेखन रोज पाच शब्द गिरवून शिकलो, तरी वाचणाऱ्याने शंका घेऊ नये.

१. खोली आईच्या नावावर आहे, ती तिचीच राहावी. "मीच मिळवून दिली" म्हणत मोठ्या काकांनी येऊ नये. त्यांनी फक्त किल्ली आणून दिली होती.

२. बँकेतली शिल्लक आईला.

३. सवयींची वही धाकट्या भावाला. महिन्याला एकच नवी सवय, रोज दहा मिनिटे, जमली की खूण. विडी अशीच सुटली. आईवर आवाज चढवणेही सुटले. त्याला चौदा महिने लागले. बाविसावे पान मी फाडले आहे.

४. त्या पानावरची सवय म्हणजे दाबलेली हवा फेकणारी नळी. ती माझ्या पगारातून घेतलेली, म्हणून माझी. काम संपले की रोज दहा मिनिटे तिने यंत्र आणि फळी फुंकून लख्ख करायचो. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही. मुकादमांनी माझे नाव 'घड्याळ' ठेवले. "घड्याळाकडून शिका जरा, उकिरड्यात लोळता नुसते!" असे ते इतरांना म्हणत, आणि मी फुलून जाई. दगडाची पूड उडून समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. तोंडाला रुमालही नसायचा.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "धूळ ओली करून पुसत नव्हतात?"

"पाण्याने चिखल होतो," मी म्हणालो. त्यांनी माझ्या छातीचा फोटो पुन्हा उजेडात धरला.

धाकटा दोन वर्षे तिथेच आहे. मीच लावला, मीच शिकवले. मी घरी बसल्यापासून नळी त्याच्या हातात आहे. गेल्या आठवड्यात म्हणालो, "नळी बंद कर. फडके भिजवून पूस."

तो हसला. "दादा, एक दिवस चुकला की सवय मेली, असं तूच सांगायचास ना? आणि मुकादम आता मलाच घड्याळ म्हणतात."

हसता हसता तो खोकला. घसा खाकरल्यासारखा, कोरडा. तो खोकला मी ओळखतो.

म्हणून नळी कोणालाही देऊ नये. शेजारच्या शिंप्याने तिचे वीतभर तुकडे करावेत. कात्री बोथट होईल म्हणून तो कुरकुर करील. त्याला माझी कानस द्यावी.

५. धाकट्याने वही घ्यायची तर पहिले पान असे: आधी पाणी, मग फडके, तोंडावर मास्क. मुकादम हसले तर हसू दे. मला शाबासकीची सवय लागली होती, ती मी कुठल्याच पानावर लिहिली नाही.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही). दवाखान्यातल्या परिचारिका ताई (सही).
लिहून ठेवणार: मी (सही).
ठिकाण: राहती खोली, दुसरा मजला.

आजवरचा हिशोब:
माझी औषधे, खर्च ४१,६५०.
बादली, फडकी, दोन मास्क, खर्च ९१०.
धाकट्याच्या छातीचा फोटो, काल ओढत नेऊन काढला: ३०० भरले.
देणे ३००. उद्या निकाल हातात घेताना द्यायचे. आईला अजून सांगितलेले नाही.