दोघांनी उघडायची खोली

११ जाने., रविवार

घड्याळजीच्या खोलीतून सुटलो. चार मिनिटं राखून! मुग्धा तिकडे टोरांटोत एवढ्या जोरात ओरडली की माझ्या कानठळ्या बसल्या. मीही दोन्ही हात वर केले आणि उजवा थेट शोकेसवर. काच शाबूत, बोट सुजलंय.

ह्या दोघांच्या खेळाची गंमत आता कळायला लागली आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवला की मुलुंडचा हॉल गायब. दोघांना एका खोलीत कोंडतात, मधे जाळी. कुलूप माझ्याकडे, त्याचे आकडे तिच्याकडे. मग एकमेकांना सांगत बसायचं. "बाबा, तुझ्यासमोर काय आहे? नीट सांग." मापासकट सांगतो. अडतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर घालवली, कपाट कसं दिसतं एवढं मला सांगता येतं.

फोनवर आमचं काय होतं? जेवलास? हो. तू? हो. थंडी? आहे. चार मिनिटांत दोघंही गप्प. आणि खोलीत पन्नास मिनिटं तोंडाचा पट्टा चालू. सुनंदा असती तर म्हणाली असती, अरे वा, ह्या माणसाला वाचा फुटली.

तिला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं.

१६ जाने., शुक्र.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तरुण मुलगी आहे, मुग्धाहून लहान. काचबिंदू, असं तिने डिसेंबरातच सांगितलं होतं. कुणाला बोललो नाही. इथेही लिहिलं नाही. लिहिलं की पक्कं होतं.

आज नजरेचा पल्ला बघायची तपासणी. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्यावर नजर, कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. म्हटलं, हा तर आपलाच खेळ. दिव्यांचा ठेका पकडला आणि दिसो न दिसो, दाबत गेलो. शाबासकी घ्यायच्या तयारीनेच बाहेर आलो.

डॉक्टर कागद बघून हसली. "काका, दिवा नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय. मशीनला कळतं ते. ही परीक्षा नाही, ह्यात पास व्हायचं नसतं. पुन्हा करू या." मग विचारलं, "घरी कोण असतं?"

"सगळे असतात," म्हणालो. सदुसष्टाव्या वर्षी कॉपी करताना पकडलो गेलो, आणि वर आणखी एक थाप.

१८ जाने., रवि.

बोटीची खोली. काम चोख आहे. फळ्यांचे सांधे, पितळी नळांवरचा गंज, सगळं कुणीतरी जीव लावून काढलंय. फक्त जिन्याच्या पायऱ्या फार उंच. मुग्धाला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, बोट बुडतेय आणि तू पायऱ्या काय मोजतोस?"

मग मोठं चाक आलं. ती फिरवणार, काटा माझ्या बाजूला. फिरवता फिरवता म्हणाली, "आम्ही वेगळे राहतोय, बाबा. रोहन आणि मी. ऑगस्टपासून. लाल काटा कितीवर आहे?"

"सातवर," मी म्हणालो.

"सात. ओके."

दार उघडलं. सुटलो. कोणीच ओरडलं नाही.

१९ जाने.

सकाळपासून डोक्यात तेच. मुलीचा संसार मोडला आणि बाप म्हणतो, सातवर. पाच महिने "रोहन मजेत" ऐकत होतो आणि एकदाही शंका आली नाही.

न राहवून फोन केला. "मुग्धा, कालचं ते…"

"ठीक आहे रे, बाबा. मला तसंच सांगायचं होतं. समोर बसून सांगितलं असतं तर तू चेहरा केला असतास. तिथे चेहरा नसतो."

खरं आहे. खोलीत आमचे फक्त हात असतात, मनगटापर्यंत, पांढरे. हात कामात गुंतले की तोंड मोकळं होतं. सुनंदा आणि तिची बहीण शेंगा सोलताना काय काय बोलायच्या! मी कधी शेंगा सोलायला बसलो नाही.

२४ जाने., शनि.

खालच्या मजल्यावरचा परब आला. आमच्याच कंपनीतला वेल्डर, मूळचा मालवणचा. दारातूनच सुरू. "काय रे तां, टकलेर डबो घालून हवेत हात मारतंस? समोरच्या बिल्डिंगीतले बघतत."

म्हटलं, घाल तूच. एकट्याने खेळायची कोठडी लावून दिली. वाटलं, पाच मिनिटांत कंटाळेल. पाऊण तास! प्रत्येक खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. कोडं एकही सुटलं नाही. डबा काढून मांडीवर ठेवला.

"बरां वाटलां रे," म्हणाला. "घरात माका कोण इचारणा नाय. हय माझ्याशिवाय दार उघडणा नाय."

मुलाच्या घरात परबची एक खुर्ची आहे, आणि रिमोट नातवाकडे.

चहा दिला. माझा कप डावीकडे ठेवला होता म्हणे. हात लागून सांडला. परब माझ्याकडे बघत राहिला, मी फडकं आणायला उठलो.

१ फेब्रु., रवि.

हरलो.

खाणीची खोली. पाणी चढत होतं. मुग्धाकडे नकाशा. "बाबा, डावीकडे काय आहे?"

"डावीकडे काही नाही."

"नक्की?"

"नक्की गं. मोकळी भिंत."

तीनदा विचारलं तिने. तिन्ही वेळा तेच सांगितलं. वेळ संपली. संपली की खेळ उत्तर दाखवतो. डाव्या भिंतीवर दांडा. लाल. माझ्या हाताएवढा.

"बाबा! एवढा मोठा दांडा!"

"म्हातारा झालो गं आता," असं म्हणून हसण्यावारी न्यायला गेलो.

"नाही. तू बघतच नाहीस. आईचं सहा महिन्यांत बारा किलो वजन गेलं. तू एका घरात होतास. मी इथून व्हिडिओ कॉलवर बघितलं ते."

आणि तिचे हात गेले. बटण दाबून बाहेर पडलं की असंच होतं, हात नाहीसे होतात. मी कितीतरी वेळ त्या पाण्यात उभा.

२ फेब्रु.

तिचं खोटं नाही. सुनंदा ह्याच हॉलमध्ये मशीनवर बसून स्वतःचे ब्लाउज आत घेत होती. एकामागून एक, चार तरी. मी समोर पेपर वाचत होतो. "किती ते शिवणकाम," असंही म्हणालो. तेव्हा माझे डोळे चांगले होते.

३ फेब्रु.

परवाचं मात्र निराळं आहे. मी थाप मारली नव्हती. लोकांना वाटतं दिसत नाही म्हणजे अंधार. अंधार असता तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. मला भिंतच दिसली. सलग, मोकळी. डॉक्टर म्हणते, जेवढं दिसत नाही तेवढं मेंदू आपल्या मनाने रंगवून टाकतो. अडतीस वर्षांचा ड्राफ्ट्समन आणि भिंत काढली मनाने.

हे मुग्धाला सांगितलं तर ती मला माफ करेल. पण सांगितलं तर…

६ फेब्रु., शुक्र.

पुन्हा वाडग्यात तोंड. ह्या वेळी इमानदारीत. दिसला तरच दाबायचं. मशीन टिकटिकत होतं, म्हणजे दिवे लागत होते. माझं बोट बटणावर नुसतंच. डाव्या डोळ्याच्या वेळी वाटलं, मशीन बंद पडलं की काय.

डावा गेल्यात जमा. परत येणार नाही. उजव्यालाही आतल्या बाजूने, नाकाकडून सुरुवात, म्हणून दोन्ही मिळून डावीकडचं दिसत नाही. आहे ते राखायला ऑपरेशन लवकर करायला हवं. २४ तारीख, मंगळवार. राखायला, असं तिने दोनदा सांगितलं. सुधारायला नाही.

"घरी कोण असतं, काका? ह्या वेळी खरं सांगा."

"कोणी नाही."

निघताना हळूच विचारलं, डोळ्यांवर तो खेळाचा डबा घातलेला चालतो का. ऑपरेशनपर्यंत चालेल म्हणाली. नंतर ती सांगेपर्यंत बंद.

परबला सांगावंच लागलं. तो म्हणाला, "मी आसंय. जेवणाचो डबो भरून घेऊन येतंय. पण पोरीक सांग. नायतर मी सांगतंय."

८ फेब्रु., रवि.

सर्दी झाली म्हणून कळवलं. खेळलो नाही.

पण सकाळी आठ वाजले तसे हात वळवळायला लागले. एकट्यानेच ती खाणीची खोली उघडली. दोघांची खोली एकट्याला उघडत नाही. दाराबाहेर उभं करतात आणि पाटी येते, साथीदाराची वाट पाहत आहोत. दहा मिनिटं उभा राहिलो. मग काढून ठेवला.

ह्या खेळाचं एवढं वेड का लागलं, ह्याचा विचार करत होतो. कोंडलेले असतो, तरी भीती वाटत नाही. कारण उत्तर कुणीतरी आधीच ठेवलेलं असतं. कुठल्या तरी खणात, गालिच्याखाली, पण असतं. चुकलो तर पहिल्यापासून. आणि तिथे एका माणसाचं दुसऱ्यावाचून अडतं. इथे घरात सगळे खण मी उघडून बसलोय. सुनंदाची औषधं अजून एका खणात आहेत. उत्तरबित्तर काही नाही.

सुनंदाचा आजार कळल्यावर मुग्धा सात महिने येऊन राहिली. तिकडची नोकरी गेली. आता कुठे नवीन लागली आहे, रजा इतक्यात नाही, आणि पाठीशी रोहनही नाही. ऑपरेशनचं कळलं की ती पहिल्या विमानात बसणार. तिचं पुन्हा सगळं विस्कटणार, माझ्या एका डोळ्यापायी. आणि नाही सांगितलं तर? तर तिचंच खरं. हा माणूस बघत नाही, आणि बोलतही नाही.

दोन्हीकडून माझीच वाट लागलेली.

११ फेब्रु., बुध.

मुग्धाचा मेसेज. "बाबा सॉरी. आईवरून बोलायला नको होतं. रविवारी येशील ना खोलीत?"

"हो" टाईप करायला तीन प्रयत्न लागले.

ठरलं. रविवारी सांगायचं, पण एका दमात, तिला मधे बोलू न देता. लहानसं ऑपरेशन आहे, परब आहे, काळजीचं कारण नाही, येऊ नको. आंघोळीनंतर आरशासमोर म्हणून बघितलं. "येऊ नको" बरं जमतंय. आवाज कापत नाही.

१५ फेब्रु., रवि.

आठला आत. तिनेच नवीन खोली निवडली होती, वाचनालयाची. भिंतभर पुस्तकं, मधे लांब टेबल. ह्यात जाळी नव्हती, ती माझ्या शेजारीच उभी होती. शेजारी म्हणजे तिचे हात.

पहिली दहा मिनिटं दोघंही फार गोड बोललो. "छान बाबा." "तू सांगितलंस तसंच केलं." मागचं कोणी काढलं नाही. मग फळीवरचे आकडे जुळवायचे आले. तिने नेहमीसारखं विचारलं, "बाबा, तुझ्या डावीकडे काय आहे?"

"काही नाही" अगदी ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "डावीकडचं मला दिसत नाही, मुग्धा. डिसेंबरपासून. त्याच्या आधीपासूनही असेल. काचबिंदू आहे. चोवीसला ऑपरेशन."

परबचं नाव राहिलं. लहानसं, हेही राहिलं.

तिचे हात तसेच हवेत थांबले. मग खाली गेले. वर भिंतीवर घड्याळ चालू होतं, त्याला काय. मला वाटलं, गेली. पण हात गेले नव्हते.

"खाणीत," ती म्हणाली, "तो दांडा…"

"दिसला नाही गं. भिंत दिसली. खरंच भिंत दिसली."

"आणि मी काय काय बोलले तुला."

"आईचं बोललीस ते बरोबर होतं. तेव्हा मला दिसत होतं. मी बघितलं नाही."

हे मी ठरवलं नव्हतं. दोन वर्षांत कुणाला म्हणालो नव्हतो. डब्याच्या आत डोळे भरले की पुसता येत नाहीत, सगळी खोली ओली होते. ती रडत होती का, हे कळायला मार्ग नाही. तिथे चेहरा नसतो.

मग तिचे हात उजवीकडून निघाले, माझ्या समोरून गेले आणि मला दिसेनासे झाले. डाव्या बाजूने तिचा आवाज आला, अगदी कानाशी. "इथे सहा पुस्तकं आहेत, बाबा. मी वाचते. तू जुळव." ती वाचत गेली, मी जुळवत गेलो. तिचा आवाज मधेमधे तुटत होता. सुटलो की नाही तेही नीट आठवत नाही. बहुतेक वेळ संपली.

बाहेर पडताना म्हणाली, "चोवीसला मंगळवार ना?"

"हो."

येते म्हणाली नाही, नाही येत असंही नाही. तिकडे एव्हाना रात्रीचे साडेदहा झाले असतील. परब दोनदा बेल वाजवून गेला, दार उघडलं नाही.

येऊ नको, एवढंच म्हणायचं राहिलं होतं. चार दिवस घोकलं होतं. म्हणालो नाही.